सोमवारपर्यंत

वहिनींच्या पत्राला मी उत्तर पाठवले नाही, त्याला आता चौदा महिने होतील. पत्र हरवलेले नाही. टेबलाच्या वरच्या खणात, चष्म्याच्या जुन्या घरांखाली आहे, आणि मला ते इतके पाठ आहे की खण उघडायचीही गरज पडत नाही. रेघांच्या वहीतली दोन पाने, टाक्यांपासून सांभाळून सोडवलेली. वहिनी शब्द सुटे सुटे लिहितात, दोन शब्दांत तिसरा बसेल एवढी जागा सोडून, म्हणून दोन पानांत मजकूर फारसा नाही. पहिल्या पानावर माझा खोकला, सूनबाईची बदली टळली का, गच्चीवरची गळकी टाकी बदलली का. दुसऱ्या पानावर दादाच्या कपड्यांचे काय केले ते. आणि अगदी खाली, जागा उरली म्हणून लिहावे तसे: ‘भाऊजी, एक विचारायचं राहून गेलं. यांना सोमवारपर्यंत हलवू नका असं नक्की कोणते डॉक्टर म्हणाले होते? ते उंच, की चष्म्याच्या बाई? शनिवारी हे घरी चल म्हणून हट्ट करत होते तेव्हा मी ओरडले यांच्यावर. डॉक्टर नाही म्हणतात तर लहान मुलासारखं काय करता, म्हटलं. मग हे भिंतीकडे तोंड करून झोपले ते शेवटपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. डॉक्टरांना काही आशा असेल म्हणूनच थांबवलं असेल ना? तेवढं कळवा. म्हणजे ओरडले त्याचं मला वाटणार नाही.’

कोणतेच डॉक्टर तसे म्हणाले नव्हते. मी म्हणालो होतो. डॉक्टर गुरुवारी म्हणाले होते, घेऊन जा.

आज सकाळी हे सगळे पुन्हा वर आले ते तीन माहितीपत्रकांमुळे. शनिवार, मुलाला सुट्टी. मी खिडकीजवळच्या खुर्चीत वर्तमानपत्र दुसऱ्यांदा वाचत होतो, पहिल्यांदा बातम्यांसाठी आणि दुसऱ्यांदा वेळ जावा म्हणून, तेवढ्यात त्याने ती तीन पत्रके माझ्या मांडीवर पत्ते वाटावेत तशी टाकली. एक काळे, एक गडद निळे, एक सोनेरी कडांचे. तिन्हींवर विमानाचा पंख आणि ढग, माणूस एकाही चित्रात नाही. “बाबा, जरा नजर टाका. जुन्या कार्डाची वर्षाची फी पुढच्या आठवड्यात कापतील. त्याआधी ठरवायला हवं, तेच ठेवायचं की यातलं एखादं घ्यायचं.” सूनबाई ओट्याशी उभी राहून फळे चिरत होती. ती म्हणाली, “बारीक अक्षराचं खातं बाबांकडे. आपण मोठं अक्षर वाचतो आणि फसतो.” “फसत नाही गं, मोहात पडतो,” मुलगा म्हणाला. दोघे हसले. मीही हसलो. या घरात माझ्यावर कुणी रागावत नाही, मला कुणी टाकून बोलत नाही. माझ्या औषधांच्या वेळा फ्रीजच्या दारावर चिकटवलेल्या आहेत. हे आधीच सांगितलेले बरे, कारण पुढे जे सांगायचे आहे त्यात कुणी दुष्ट माणूस सापडेल म्हणून वाचणाऱ्याने वाट बघू नये. मी स्वतः चौदा महिने शोधतो आहे.

हिशेब असा होता. निळ्या कार्डावर वर्षाला बारा लाख खर्च केले की तिघांची विमानाची तिकिटे, जाऊन येऊन, रुंद खुर्च्यांची. मुलाने बोटांवर मोजले: घरखर्च, विमा, गाडीची दुरुस्ती, त्याच्या कामाच्या प्रवासाचे जे कंपनी मागाहून परत करते ते, सगळे धरून साडेआठ. “साडेतीन कमी पडतात,” तो म्हणाला. “मागच्या वेळी काकांचं होतं म्हणून जमलं,” सूनबाई म्हणाली. तिने ते अगदी सरळ म्हटले, गेल्या वर्षी पाऊस चांगला होता म्हणावे तसे, आणि सुरी थांबलीसुद्धा नाही. क्षणभराने तिला स्वतःलाच ते ऐकू आले असावे, कारण तिने घाईघाईने एक फोड तोंडात टाकली. मुलगा म्हणाला, “मोठं काहीतरी हवं. बाबांचे डोळे!” माझ्या मोतीबिंदूचे दोन वर्षे चालले आहे, डॉक्टर म्हणतात पिकू द्या, मी म्हणतो राहू द्या. “दोन्ही करून टाकू यंदाच. नाहीतरी करायचेच आहेत.” “कानही घ्या,” मी म्हणालो, “जोडीनं स्वस्त पडतील.” पुन्हा हशा. “दोन डोळ्यांचे दीड लाख धरू,” मुलगा म्हणाला, “उरले दोन.” तो कपाळ चोळू लागला, लहानपणी गणित अडले की चोळायचा तसे, आणि मला त्याची माया आली, हेही खरे आहे. आणि मग सूनबाईला आठवले. “अहो, काकूंचे गुडघे! परवा फोनवर म्हणाल्या ना, तिथले डॉक्टर बदलायला सांगतायत म्हणून.” मुलाने टेबलावर थाप मारली. “इथे करू. त्याच हॉस्पिटलात. सोय चांगली आहे, आपली ओळखही झालीय आता. काकू आपल्याला चेक देईल, आपण कार्डावर भरू. तिचं काही जात नाही.” मग माझ्याकडे वळून: “बाबा, तुम्ही लिहा तिला. फोनवर ती नको नकोच करते. तुमचं पत्र गेलं की येईल बघा. तुम्हाला फार मानते ती.”

तिचे काही जात नाही. हे वाक्य मी याआधी ऐकले होते, तेव्हा ते दादाबद्दल होते, आणि तेव्हा मी मान डोलावली होती. कुणाचे काहीच जात नव्हते. दादा आजारी पडून आमच्या शहरात आला तेव्हा ठरलेच होते की बिल मुलगा कार्डावर भरेल आणि वहिनी नंतर तेवढ्याच रकमेचा चेक देतील. दवाखान्याला पैसे मिळणार, बँकेला मिळणार, वहिनींना जे द्यायचे होते त्याहून पैसाही जास्त द्यावा लागणार नव्हता, आणि आम्हाला वरच्यावर पॉइंट. मधल्या मधे हवेतून काहीतरी तयार होत होते. मी ही गोष्ट उलटसुलट करून पाहिली होती आणि तिच्यात मला एकही भोक सापडले नव्हते. तसा मी भोके शोधणारा माणूस आहे. छत्तीस वर्षे मी एका मोठ्या ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी करत होतो: नाव, लेखक, पाने, विषय, कपाटाचा आकडा. पुस्तक न वाचता त्याची जागा ठरवायची, हा माझा धंदा. प्रस्तावना चाळायची, अनुक्रमणिका पाहायची, शेवटच्या पानावरचा बारीक मजकूर पाहायचा. बाहेर लोक मला वाचणारा समजायचे. मी तो समज कधी दूर केला नाही. खरे वाचन संध्याकाळी घरी करायचो, आणि तेही अशा पुस्तकांचे की ज्यांत माझ्यासारखी माणसे अखेरीस काहीतरी करतात.

त्या वेळी कार्ड कोणते घ्यायचे ते मीच ठरवले. मुलाने विचारले होते. आठवीनंतर त्याने मला काही विचारल्याचे मला आठवत नाही. त्याचे गणित माझ्या पुढे गेले आणि पाठोपाठ तोही गेला. त्यामुळे ते कागद जेव्हा त्याने माझ्या हातात दिले तेव्हा मी जरा सरळ बसलो. दादाला भरती करून अकरा दिवस झाले होते. वहिनी आत त्याच्याजवळ असायच्या आणि मी बाहेर बोळातल्या जोडलेल्या खुर्च्यांवर, मांडीवर पॅड, हातात भिंग. तीन कार्डांचा तक्ता आखला. फी, पहिल्या नव्वद दिवसांतल्या खर्चावरची भेट, पॉइंटची मुदत, किती पॉइंटला एक तिकीट. शेवटी प्रत्येकाच्या तळाशी ‘खालील खर्च धरले जाणार नाहीत’ अशी यादी असते. इंधन, घरभाडे, सोने, कर. पहिल्या दोन कार्डांच्या यादीत, आमच्या तेव्हाच्या कार्डासारखेच, रुग्णालय होते. तिसऱ्याच्या यादीत नव्हते. मी तीनदा वाचले. वीस वर्षे चुकीच्या कपाटात पडलेले पुस्तक हाती लागावे तसा आनंद झाला; तो आनंद कसा असतो ते माझ्या धंद्यातल्यांनाच कळेल. मी लगेच मुलाला फोन लावला आणि आवाज खाली न ठेवता म्हणालो, “यात दवाखाना वगळलेला नाही!” समोर पट्टी बांधलेल्या हाताचा एक माणूस बसला होता, त्याने माझ्याकडे पाहिले. मुलगा म्हणाला, “बाबा, तुम्ही ग्रेट आहात.” मी खाली उपाहारगृहात गेलो आणि दोन चमचे साखर घालून चहा घेतला, जो मला मना आहे. परत आलो तेव्हा दादा जागा होता. वहिनी म्हणाल्या, “बघा, भाऊजी आले, आज खुशीत दिसतात.” दादा माझ्याकडे पाहून हसला. त्याला वाटले असेल की डॉक्टरांनी मला काही चांगले सांगितले.

दादा त्याच्या गावाच्या पाणीपुरवठ्यात होता. कोणत्या भागाला किती वाजता पाणी सोडायचे ते त्याच्या हातात असे. लांब दांड्याची लोखंडी चावी खांद्यावर टाकून तो भल्या सकाळी निघायचा, आणि लोक त्याला पाणीवाले म्हणायचे. त्याचे घर टाकीच्या खालच्या अंगाला होते. मागच्या खोलीत पडले की भिंतीतून पाणी चढल्या-उतरल्याचे ऐकू यायचे. लहानपणापासून मी पुस्तकात आणि तो नळात, असे आमचे वेगळे पडले. मला त्याच्याशी काय बोलावे ते कधीच सुचले नाही. तो मात्र मला बाहेर सगळ्यांपुढे मिरवायचा, “आमचा धाकटा, दीड लाख पुस्तकं याच्या हाताखालून गेलीत,” आणि हाताखालून जाणे म्हणजे काय ते मलाच ठाऊक असल्यामुळे मी खाली मान घालायचो. दवाखान्यात तो खाटेमागच्या भिंतीवर कान ठेवायचा. एकदा नर्सला म्हणाला, “ताई, वरच्या मजल्यावर कुणाचा तरी नळ रात्रंदिवस चालू आहे. सांगा त्यांना.” ती म्हणाली, “आजोबा, तुम्ही बरे व्हा, मग तुम्हीच दुरुस्त करा.” “बरा कसला होतोय,” तो म्हणाला, “पण पाना असला तर आत्ता करतो.”

गुरुवारी सकाळी वहिनी आंघोळीला आमच्या घरी गेल्या होत्या. उंच डॉक्टरांनी मला बोळात बोलावले. भिंतीला टेकून, हात खिशात घालून त्यांनी सांगितले की आता इथे करण्यासारखे काही उरलेले नाही, त्रास होणार नाही एवढी औषधे लिहून देतो, त्यांना घरी जायचे आहे तर न्या. “किती दिवस?” मी विचारले. “सांगता येत नाही. पण प्रवास आज जेवढा झेपेल तेवढा पुढच्या आठवड्यात झेपेल असं नाही.” ते स्पष्ट बोलले. त्यात बारीक अक्षर काही नव्हते. मी मुलाला फोन केला. तो कामावर होता, मागे माणसांचे आवाज. त्याचा काकावर जीव होता, नऊ दिवस रजा काढून तो त्या बोळात बसला होता, काकाला कुशीवर वळवायचे ते त्यानेच. मग म्हणाला, “बाबा, नवीन कार्ड सोमवारी येतंय. आज डिस्चार्ज घेतला तर आजच बिल भरावं लागेल, जुन्या कार्डावर. त्यात दवाखाना धरत नाहीत, तुम्हीच सांगितलंत. तीन-चार दिवसांनी काय फरक पडतो? इथे निदान नर्स आहे, ऑक्सिजन आहे. उलट बरंच.” मी म्हणालो, “हं.” तो म्हणाला, “तुम्हाला काय वाटतं?” त्याने विचारले होते. हे मी विसरू शकत नाही. त्याने मला दुसऱ्यांदा विचारले होते, आणि माझ्या डोक्यात तो तक्ता होता, सुबक, मी आखलेला, त्यातला तिसरा रकाना. त्याला नाही म्हटले असते तर तो रकाना वाया गेला असता. मी म्हणालो, “थांबू या मग.” वहिनी ओले केस पुसत आल्या, “काय म्हणाले?” म्हणून विचारले, आणि माझ्या तोंडून निघाले, “डॉक्टर म्हणतात सोमवारपर्यंत हलवू नका.” खोटे बोलायची मला सवय नाही, ते इतके सहज कसे आले याचे मला आजही आश्चर्य वाटते. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिले, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर थोडे तेज आले. डॉक्टर थांबवतात म्हणजे काहीतरी असेल, असे ते तेज होते. मी ते तसेच राहू दिले.

शुक्रवारी दादा म्हणाला, घरी नेता ना. शनिवारी तो खाटेवरून पाय खाली सोडून बसला. मी दाराशी उभा होतो. “चल, टाकीचा वॉल्व्ह बघायला हवा,” तो वहिनींना म्हणाला, आणि त्या ओरडल्या. त्या कधी ओरडत नाहीत, म्हणून त्यांचा आवाज फाटला. त्याने माझ्याकडे पाहिले. मी हातातले वर्तमानपत्र घडी करून अर्धे केले, मग पाव केले. रविवारी दुपारी चार वाजता तो गेला. बिलाचे सोमवारी बघू, असे दवाखान्यातले म्हणाले. सोमवारी अकराला कार्ड आले. कुरियरवाल्याने सही घेतली, माझे ओळखपत्र पाहिले आणि जाड खोका दिला. कार्ड धातूचे होते, त्याला वजन होते. दवाखान्याच्या काउंटरवरच्या बाईने ते हातात तोलून पाहिले आणि शेजारणीला दाखवले, “हे बघ, कसलं भारी आहे.” बिलात चार दिवस जादा होते. सगळे भरले. मुलाच्या फोनवर बँकेचा संदेश आला, अभिनंदन म्हणून. त्याने फोन उलटा करून ठेवला. त्यानेही काहीतरी ऐकले होते त्या क्षणी, असे मला वाटते. पण आम्ही दोघे त्यावर कधी बोललो नाही. वहिनींचा चेक महिन्याच्या आत आला, चार दिवसांच्या पैशांसकट.

त्या पॉइंटवर आम्ही फिरून आलो. मी नाही म्हणू शकलो असतो. तब्येतीचे कारण तयारच होते. विमानतळावर कार्ड दाखवले की आत वेगळी खोली, मऊ खुर्च्या, हवे ते खा. “बाबा, लाजू नका, सगळं फुकट आहे,” सूनबाई म्हणाली. मी दोनदा सूप घेतले, मग पुडिंग घेतले, मग आणखी पुडिंग घेतले. आवडले मला. याची लाज मला नंतर वाटली. त्या वेळी मी फक्त खात होतो, आणि काचेपलीकडे विमाने मुंगीच्या चालीने सरकत होती. विमानात चढल्यावर मुलाने माझ्या खुर्चीचे बटण दाबले. पाठ हळूहळू मागे गेली, पाय वर आले, खुर्चीची खाट झाली. बाईंनी पांढरे पांघरूण आणून छातीपर्यंत ओढले आणि विचारले, उशी आणखी एक देऊ का. डोक्यामागे भिंत होती. भिंतीत सतत काहीतरी वाहत होते, हवा असेल किंवा इंजिन. मी तिच्यापासून कान दूर धरून सहा तास सरळ पडून राहिलो. शेजारून मुलगा म्हणाला, “काय बाबा, आयुष्यात असं झोपलात का कधी?” “नाही,” मी म्हणालो.

उत्तरे मी लिहिली नाहीत असे नाही. दहाबारा तरी लिहिली. पहिली सगळी उंच डॉक्टरांवर होती. ‘त्यांना आशा होती, वहिनी. ते म्हणाले चार दिवस पाहू.’ चार ओळींचे काम. त्या चार ओळींनी त्यांचे म्हातारपण सुखाचे झाले असते. मग मी ती का पाठवली नाहीत? खरेपणाची चाड म्हणून असे म्हणायला मला आवडेल. पण वहिनी आभाराचे पत्र लिहिणाऱ्या बाई आहेत. त्यांनी त्या डॉक्टरांना लिहिले असते, आणि डॉक्टरांनी उत्तर दिले असते. मी धरला जाईन ही भीती, दुसरे काही नाही. पुढची उत्तरे खरी होती, पण त्यांत मीच सगळीकडे होतो: माझा स्वभाव, माझा संकोच, मुलाने विचारल्याचा माझा आनंद. दोन पाने मी स्वतःला समजावून सांगत होतो आणि पाकिटावर पत्ता त्यांचा होता. ती फाडली. नंतर नंतर मी असेही म्हणू लागलो की शहात्तर वर्षांच्या बाईच्या डोक्यावर हे ओझे ठेवून आपण हलके व्हायचे, हा कोणता न्याय? हे कारण सर्वांत टिकले. ते अजूनही मला पुरते खोटे वाटत नाही. पण त्या आधीच एक ओझे वाहत आहेत, आणि ते माझे आहे, एवढे मात्र या कारणात बसत नाही. मधे दोनदा त्यांचा फोन आला. त्यांनी पत्राचे विचारले नाही. “कसे आहात भाऊजी?” म्हणाल्या. मी म्हणालो, “चाललंय,” आणि फोन सूनबाईला दिला.

तर आज. ते दोघे बाजारात गेले, जाताना मुलगा म्हणाला, “पत्र लिहून ठेवा, आणि कार्डाचंही बघून ठेवा.” मी टेबलाशी बसलो. आधी पत्रके घेतली, हे कबूल करतो. पेन हातात घेण्याऐवजी भिंग घेतले. काळ्याची फी जास्त. सोनेरीच्या पॉइंटची मुदत अठरा महिने. निळ्याच्या यादीत शस्त्रक्रिया वगळलेली नव्हती. अर्ध्या तासात मला सगळे समजले, आणि मी पुढचे समजून घेऊ लागलो. वहिनी येतील. मी लिहिले तर त्या येतीलच, कारण माझ्यावर त्यांचा विश्वास आहे. चौदा महिने उत्तर आले नाही तरी तो आहे, किंवा त्यांनी तो मोडू दिलेला नाही. त्याच बोळातून चाकांच्या खुर्चीवरून जातील. माझ्या शब्दावर त्या खाटेवर पडतील. आणि केव्हातरी त्यांना घरी जावेसे वाटेल, आणि डॉक्टर काय म्हणाले ते विचारायला त्या माझ्याकडे बघतील. त्या वेळी माझ्या डोक्यात कोणता रकाना असेल ते मला सांगता येईना. नाही म्हणेन, असे मी स्वतःला सांगून पाहिले. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला स्वतःची माहिती असते.

मी कोरा कागद घेतला आणि लिहिले: ‘ती. वहिनींस, कोणत्याही डॉक्टरांनी सोमवारपर्यंत थांबा म्हटले नव्हते. उंच डॉक्टरांनी गुरुवारीच दादाला घरी न्यायला सांगितले होते. मी तुम्हाला खोटे सांगितले. बिल ज्या कार्डावर भरायचे होते ते सोमवारी येणार होते, त्यावर विमानाची तिकिटे मिळणार होती, म्हणून थांबलो. कार्ड मी निवडले होते. मुलाने मला विचारले होते आणि मी हो म्हटले. दादाचा हट्ट बरोबर होता. तुम्ही ओरडलात ते माझ्या खोट्यावर विसंबून.’ इथे थांबलो. मग लिहिले: ‘तो भिंतीकडे तोंड करून झोपला तो तुमच्यावर रागावून नव्हे. तो भिंतीतले पाणी ऐकत होता.’ हे वाक्य चांगले उतरले होते. मी ते दोनदा वाचले आणि माझे डोळे भरून आले, आणि त्याच क्षणी मला कळले की हे मला ठाऊक नाही. तो रागावलाही असेल. मी पुन्हा एकदा डॉक्टर म्हणतात असे म्हणत होतो. ते वाक्य मी खोडले, खालचे अक्षर दिसणार नाही इतके. कागदाला तिथे वळ पडला. नवा कागद घेतला असता तर पुन्हा सुरुवात करावी लागली असती, आणि मला माझा भरवसा नव्हता. खाली लिहिले: ‘गुडघ्यांसाठी इथे येऊ नका. हे लोक बोलावतील, प्रेमाने बोलावतील, तरी येऊ नका. तिथेच करा आणि डॉक्टरांशी तुम्ही स्वतः बोला.’ क्षमा हा शब्द मी घातला नाही. तो घातला असता तर त्यांना त्यालाही उत्तर द्यावे लागले असते.

पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात ते दोघे परतले. “लिहिलंत?” मुलाने पिशव्या ठेवत विचारले. “लिहिलं.” “वा! आणि कार्ड?” मी म्हणायला हवे होते की मी बघितले नाही, यापुढे बघणार नाही. पत्र लिहिलेला माणूस असे म्हणेल असे वाचताना वाटते. “निळं,” मी म्हणालो. “शस्त्रक्रिया धरतात त्यात?” “धरतात.” “बघ, मी म्हणत नव्हतो?” तो सूनबाईला म्हणाला, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून गेला. तो हात गरम होता. उन्हातून आला होता. मी चपला घातल्या. “बाबा, द्या इकडे, मी टाकून येते,” सूनबाई म्हणाली. “नको. पाय मोकळे होतील,” मी म्हणालो.

शनिवारी टपाल कचेरी एकला बंद होते. कोपऱ्यावरच्या पेटीत टाकले असते तरी चालले असते, पण साधी पत्रे हरवतात, आणि पेटीपाशी उभा राहून मी नेमकी तीच आशा करत होतो हे माझ्या लक्षात आले. म्हणून आत गेलो. रांगेत माझ्या पुढे दोघे होते, मागे एक पार्सलवाला. खिडकीतल्या कारकुनाने पाकीट वजनकाट्यावर टाकले. “रजिस्टर करायचंय? आत काय आहे?” “पत्र.” “पत्राला कशाला आजोबा, साधं तिकीट लावा, चार दिवसांत जाईल.” “रजिस्टरच करा.” त्याने पाकीट उलटे केले आणि परत माझ्याकडे सरकवले. “मागे पाठवणाऱ्याचं नाव नाही. नावाशिवाय घेता येत नाही.” घरी पत्ता लिहिताना मला ते सुचले नव्हते, की सुचले होते आणि राहू दिले होते, सांगता येत नाही. खिडकीच्या फळीवर दोरीला बांधलेले पेन होते. दोरी आखूड होती. मी पाकीट पेनाजवळ ओढले, वाकलो आणि माझे पूर्ण नाव लिहिले, खाली पत्ता. “पोचल्याची पावती हवी? जास्त पडतील,” तो म्हणाला. “ती त्यांच्या सहीची येते ना?” “घेणाऱ्याच्याच सहीची.” “हवी,” मी म्हणालो. त्याने गुलाबी कागद मागे चिकटवला, दोन शिक्के मारले आणि न बघता पाकीट मागच्या पोत्यात फेकले. पार्सलवाल्याने आपला खोका पुढे सरकवला, तेव्हा मला बाजूला व्हावे लागले.